लायब्ररीत मशीन बसलं, मग माणसं कशाला? जळगाव-धुळ्याचा एक हिशेब

‘लायब्ररी चोवीस तास उघडी ठेवा’ ही मागणी तुम्ही कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाचली असेलच. स्पर्धा परीक्षांच्या तारखा जवळ आल्या की तिला जोर येतो. तिच्या मागोमाग दुसरं एक वाक्य येतं, आणि ते बहुतेक वेळा आमच्यासारखे टेक्नॉलॉजीवालेच बोलतात: आरएफआयडी लावा, कियॉस्क बसवा, पुस्तकांची देवघेव आपोआप होईल, माणसं लागतातच कशाला?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. हाताने होणारी कामं मशीनकडून करून घेणं हाच माझा धंदा, त्यामुळे मशीनशी माझं काही भांडण नाही. पण लायब्ररीत मशीन नेमकं कोणतं काम करतं आणि कोणतं नवं काम जन्माला घालतं, हे एकदा आकडे मांडून बघायला हवं. आत्ताच बघायला हवं, कारण केंद्र सरकारने संशोधन नियतकालिकांसाठी तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये मंजूर केलेत आणि त्यातली पहिली वर्षं हातातून निघूनही चालली आहेत. त्याचा फायदा आपल्याकडच्या पोरांना मिळतो की नाही, हे शेवटी लायब्ररीच्या एखाद्या टेबलावर ठरतं.

उदाहरण आपलंच घेऊ. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला पुणे विद्यापीठातून वेगळं निघालं. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. कार्यक्षेत्र तीन जिल्ह्यांचं: जळगाव, धुळे, नंदुरबार. म्हणजे केळीच्या पट्ट्यापासून थेट सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत. राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात लायब्ररीला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ असं भारदस्त नाव आहे आणि तिच्या प्रमुखाला संचालक म्हणतात. आपण लायब्ररीच म्हणू.

एका दारामागे किती माणसं?

लायब्ररीत किती कर्मचारी हवेत याचं गणित भारतात बऱ्याच आधी एका गणिताच्या प्राध्यापकानेच मांडून ठेवलंय. शियाळी रामामृत रंगनाथन. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, त्याआधी गणित शिकवायचे. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ मध्ये त्यांनीच मांडले. त्यांच्या नावाने जे स्टाफ फॉर्म्युला ओळखलं जातं, त्याची गंमत अशी की त्यात ‘एवढ्या विद्यार्थ्यांमागे एवढे कर्मचारी’ असा ढोबळ भागाकार नाही. प्रत्येक कामाला वेगळं माप आहे. वर्षाला नवीन आलेली २,००० पुस्तकं वर्गीकरण आणि कॅटलॉगिंगसाठी एका माणसाचं काम. रोज येणाऱ्या ५० वाचकांमागे संदर्भसेवेला एक माणूस. आणि देवघेव काउंटरसाठी माप आहे ‘गेट-अवर’: एक काउंटर एक तास उघडं राहिलं की एक गेट-अवर. वर्षाच्या १,५०० गेट-अवरला एक माणूस.

आता फोनमधला कॅल्क्युलेटर काढा. काउंटर सकाळी ८ ते रात्री ८ उघडं, वर्षाचे ३०० दिवस. झाले ३,६०० तास. भागिले १,५००, उत्तर २.४ माणसं. एका काउंटरला. ‘तिथे तर एकच माणूस बसलेला असतो’ असं वाटतं खरं, पण तो आजारी पडतो, जेवायला जातो, त्याला रजा असते, दिवाळीला तो गावी जातो. सर्व्हर सतत चालू ठेवायचा तर आपण एकावर भागवत नाही, बाजूला दुसरा ठेवतो. माणसांच्या बाबतीत मात्र हे आपण सोयीस्कर विसरतो.

आणि चोवीस तास? २४ गुणिले ३६५ म्हणजे ८,७६० तास. भागिले १,५००, उत्तर ५.८४. एकच काउंटर कायम उघडं ठेवायला सहा माणसं. पुस्तकं लावणारे, नवीन पुस्तकांची नोंद करणारे, नियतकालिकं बघणारे यात नाहीतच. म्हणून चोवीस तासांची घोषणा झाली की मी आधी एकच गोष्ट बघतो: सोबत किती पदं दिली? पदं नसतील तर त्या घोषणेचा अर्थ एवढाच की रात्री एक सिक्युरिटी गार्ड बसेल, ट्यूबलाइट चालू राहतील आणि पुस्तकांच्या विभागाला कुलूप असेल. अभ्यासिका उघडी राहील, लायब्ररी नाही.

तसं म्हटलं तर नुसती अभ्यासिका मिळणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ ला टेकतो. दोन खोल्यांच्या घरात, पत्र्याखाली, धाकटी भावंडं आणि टीव्ही यांच्यामध्ये बसून एमपीएससीचा अभ्यास होत नाही. कूलर, पंखा, पाणी आणि शांत टेबल एवढ्यासाठी पोरं तासभर आधी येऊन वहीने जागा धरून ठेवतात. पण मग वेळा कोणाच्या सोयीने ठरवायच्या, हाही प्रश्न येतो. रात्रभर उघड्या लायब्ररीचा फायदा होस्टेलवाल्यांना. विद्यापीठ शहराबाहेर, महामार्गावर. अमळनेर-धरणगावहून सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीने किंवा एरंडोल-पारोळ्याहून एसटीने येणाऱ्या मुलीला रात्री ११ चा काय उपयोग? तिला सकाळी लवकर दार उघडलेलं हवंय, दुपारी जेवणाच्या सुट्टीत काउंटर बंद नको आहे आणि शेवटच्या एसटीआधी पुस्तक हातात पडायला हवंय. माझं मत विचाराल तर सहा माणसं रात्रीवर खर्च करण्यापेक्षा त्यातली दोन सकाळी ७ ते ९ आणि दुपारी १ ते ३ ला लावावीत. गेटवर एन्ट्रीची नोंद कॉम्प्युटरवर होत असेल तर कोणत्या तासाला किती गर्दी असते याचा तक्ता काढणं अर्ध्या तासाचं काम आहे. ड्यूटी चार्ट त्या तक्त्यावरून बनवता येतो. बहुतेक ठिकाणी तो ‘गेल्या वर्षी होता तसाच’ बनतो.

आरएफआयडी काय करतं, काय करत नाही

आता मशीनकडे वळू. लायब्ररीच्या पुस्तकाच्या आत चिकटवलेला तो चौकोनी स्टिकर बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारा टॅग असतो. बॅटरी नसते. रीडरच्या चुंबकीय क्षेत्रातून त्याला चिमूटभर वीज मिळते आणि तेवढ्यावर तो आपला नंबर सांगतो. तुमच्या फोनमधलं एनएफसी याच फ्रिक्वेन्सीवर चालतं, त्यामुळे एनएफसी असलेल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर साध्या रीडर अ‍ॅपने हा टॅग वाचता येतो. वाचून बघायला हरकत नाही, त्यात काही लिहायला मात्र जाऊ नका. बहुतेक वेळा आत पुस्तकाचा दाखल क्रमांक सापडेल, जास्त काही नाही. तुमचं नाव त्यात नसतं.

कियॉस्कवर पुस्तक ठेवून कार्ड दाखवलं की कियॉस्क लायब्ररीच्या मुख्य सॉफ्टवेअरला एक मेसेज पाठवतो. या संवादाची जुनी भाषा आहे ‘सिप-टू’, थ्रीएम कंपनीने बनवलेली. त्यात ‘हे पुस्तक या वाचकाला देऊ का?’ या मेसेजचा कोड ११, आणि उत्तराचा १२. उत्तर ‘हो’ आलं की टॅगमधली सुरक्षेची खूण बदलते, म्हणजे दारातलं गेट ओरडत नाही. बस, इतकंच. सुंदर काम आहे आणि काउंटरवरची रांग यामुळे खरंच कमी होते.

पण पुस्तक परत आलं की ते ड्रॉप-बॉक्समध्ये पडून राहतं. तिथून उचलून, तिसऱ्या मजल्यावरच्या योग्य कपाटात, योग्य फळीवर, योग्य दोन पुस्तकांच्या मध्ये ठेवायला माणूसच लागतो. चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर ‘उपलब्ध’ दिसतं आणि कपाटात सापडत नाही. लायब्ररीच्या भाषेत ते हरवलेलंच. बारीक पुस्तिका एकमेकींना चिकटून असल्या तर त्यांचे टॅग एकमेकांना झाकतात, लोखंडी कपाट सिग्नल खातं. ही कुरकूर रोजची आहे.

आणि टॅग लावणार कोण? समजा लायब्ररीत एक लाख पुस्तकं आहेत. कपाटातून काढणं, स्टिकर चिकटवणं, नंबर भरणं, तपासणं, परत ठेवणं याला एका पुस्तकामागे दोनच मिनिटं धरू, म्हणजे हात चांगला बसलाय असं धरू. दोन लाख मिनिटं म्हणजे ३,३३३ तास. रंगनाथन यांच्याच १,५०० तासांनी भागलं तर दोन माणसांचं पूर्ण वर्ष आणि वर थोडं. टेंडरमध्ये टॅगची किंमत असते, गेटची असते, कियॉस्कची असते. ही दोन माणसं बहुतेक वेळा कुठेच नसतात. मग सहा महिन्यांनी उद्घाटनाची फीत कापलेला कियॉस्क कापडाखाली झाकलेला दिसतो, कारण अर्ध्या पुस्तकांना टॅग आहे आणि अर्ध्यांना नाही. असे झाकलेले कियॉस्क मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलेत.

बहिणाबाई शोधून सापडत का नाहीत?

हा भाग मला सगळ्यात जवळचा, कारण इथे मी स्वतः हात घातलाय. खानदेशातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीचा डेटा जुन्या सॉफ्टवेअरमधून ‘कोहा’मध्ये नेण्याच्या कामात मी काही शनिवार-रविवार मदत केली होती. कोहा म्हणजे न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं ओपन-सोर्स लायब्ररी सॉफ्टवेअर. २००० साल उजाडलं की जुनं सॉफ्टवेअर बंद पडेल या भीतीने तिथल्या एका छोट्या ग्रामीण लायब्ररी संस्थेने ते बनवून घेतलं आणि जानेवारी २००० मध्ये सुरू केलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. फुकट आहे, जगभर चालतं. आपल्याकडे गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ या सरकारी केंद्राचं ‘सोल’ आहे, एनआयसीचं ‘ई-ग्रंथालय’ आहे. सॉफ्टवेअरची ददात नाही.

ददात आहे डेटाची. इंग्रजी पुस्तकं ठीक आली. मराठी पुस्तकांच्या नोंदी उघडल्या तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. कारण त्या नोंदी श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टच्या जमान्यात टाइप झालेल्या. त्या काळात कॉम्प्युटरला मराठी कळतच नसे. फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं साठवली जायची आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट काढला की मुखवटा गळाला. तुमच्या फोनचा कीबोर्ड मात्र यूनिकोडमध्ये टाइप करतो, जिथे ‘ब’ हा खरोखरच ‘ब’ असतो. तुम्ही फोनवरून ‘बहिणाबाई’ शोधता, आत ते नाव वेगळ्याच कोडमध्ये बसलंय. उत्तर येतं: शून्य पुस्तकं. कपाटात मात्र चार प्रती असतात.

फॉन्ट बदलणारी कन्व्हर्टर मिळतात, पण ती ऐंशी-नव्वद टक्के बरोबर करतात आणि उरलेलं कोणीतरी डोळ्यांनी बघावं लागतं. ‘र्‍य’ आणि ‘ऱ्य’ डोळ्यांना सारखे दिसतात, कॉम्प्युटरला ते वेगळे. ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’ वेगळे. कोणी नाव रोमनमध्ये टाइप केलेलं, कोणी ‘बहीणाबाई’, कोणी ‘बहिनाबाई’, कुठे लेखकाच्या रकान्यात ‘चौधरी बहिणाबाई’, कुठे नावाच्या रकान्यात लेखक आणि लेखकाच्या रकान्यात प्रकाशक. कोहात मराठी नीट शोधायची तर त्याच्या झेब्रा या सर्च इंजिनमध्ये ‘आयसीयू’ नावाची इंडेक्सिंग सेटिंग निवडावी लागते. नाहीतर डेटा सुधारूनही शोध नीट लागत नाही. ही सेटिंग करायला एक दुपार पुरते. पण ती करायची असते हे माहीत असलेला माणूस लायब्ररीच्या पगारपत्रकावर हवा.

रंगनाथन यांचं माप लावा: कॅटलॉगिंगला माणशी वर्षाला २,००० पुस्तकं. इथे नोंद आधीपासून आहे, फक्त दुरुस्त करायची, म्हणून चौपट वेग धरू. तरी एक लाख नोंदींना साडेबारा माणूस-वर्षं लागतात. हे काम कुठलाही कियॉस्क करत नाही. एआय? भाषांतर आणि फॉन्ट ओळखण्याला थोडी मदत होते, मी करून पाहिलंय. पण एआय नसलेलं उपशीर्षकही आत्मविश्वासाने लिहून देतं आणि मग तेही कोणीतरी पुस्तक हातात घेऊनच तपासावं लागतं.

जाता जाता एक. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या आज आपल्याकडे आहेत, कारण घरातल्या माणसांनी त्या ऐकून कागदावर उतरवल्या आणि १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, त्यांचं पुस्तक झालं. नोंद करणारा हात नसता तर हे विद्यापीठ दुसऱ्या कुणाच्या नावाचं असतं.

जुन्या फॉन्टचा त्रास शोधण्यापुरताच नाही. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात चढवणं आणि त्याआधी वाङ्मयचौर्य तपासणं हे काम बहुतेक विद्यापीठांत लायब्ररीकडेच असतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यावर पायरीपायरीने कारवाई. आता मराठी प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून त्याची पीडीएफ दिली तर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला आत मराठी दिसतच नाही, खिचडी दिसते. खिचडी कुणाशी जुळणार? साम्य येणार शून्याजवळ. रिपोर्ट स्वच्छ! हा आकडा बघून ‘थांबा, हे बरोबर नाही’ असं म्हणणारा माणूस त्या टेबलावर हवा.

सहा हजार कोटींचं लॉगिन

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली. १ जानेवारी २०२५ पासून योजना सुरू झाली. २०२५, २०२६, २०२७ अशी तीन वर्षं, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था, सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधक. भागाकार केला तर वर्षाला माणशी अंदाजे १,१०० रुपये. परदेशी नियतकालिकातला एकच लेख सुटा विकत घ्यायला यापेक्षा जास्त पैसे लागू शकतात. त्यामुळे सौदा वाईट नाही असं माझं मत. पूर्वी हा माल आयआयटी आणि मोजक्या केंद्रीय विद्यापीठांच्या वाट्याला यायचा, आता राज्य विद्यापीठांनाही दार उघडलं. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्था आहेत. धुळे-जळगावच्या खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग-फार्मसी कॉलेजांतली मुलं अजून बाहेरच.

आता प्रत्यक्षात काय होतं? विद्यापीठाच्या वायफायवर असाल तर आयपी अ‍ॅड्रेसवरून प्रकाशकाची साइट तुम्हाला ओळखते. घरून, होस्टेलबाहेरून किंवा मोबाइल डेटावरून वाचायचं तर ओळख पटवणारं लॉगिन लागतं. देशपातळीवर ती व्यवस्था ‘इन्फेड’ नावाने इन्फ्लिबनेट चालवतं. पण ‘हा विद्यार्थी खरंच आमचा आहे’ हे इन्फ्लिबनेटला गांधीनगरात बसून कळणार नाही. ते संस्थेच्या बाजूने कोणीतरी सांगायचं असतं. खाती उघडायची, पास होऊन गेलेल्यांची बंद करायची, पासवर्ड विसरलेल्यांना दहा वेळा मदत करायची, नवीन एमएस्सीच्या वर्गात जाऊन दाखवायचं की बघा, इथून शिरायचं. ही सगळी लायब्ररीची रोजची कामं. रंगनाथन यांच्या फॉर्म्युल्यात यासाठी अक्षरच नाही, कारण तेव्हा हे कामच नव्हतं.

नंदुरबारच्या कोपऱ्यात फील्डवर्क करणाऱ्या संशोधकाकडे फोन आहे, जिओचा डेटा आहे, हक्कसुद्धा आहे. लॉगिन नाही. मग तो काय करतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे: टेलिग्राम ग्रुपवर ‘कोणाकडे ही पीडीएफ आहे का’ विचारतो, नाहीतर पायरेट साइटवरून उतरवतो. सरकारने पैसे भरलेली वस्तू तो चोरून वाचतो. आणि प्रकाशकांकडे जाणारी वापराची आकडेवारी सांगते की या विद्यापीठात फारसं कोणी वाचत नाही. २०२७ नंतर करार पुढे न्यायचा का, कशावर किती खर्च करायचा, हे ठरवताना हेच आकडे टेबलावर असणार. माझी खरी काळजी ही आहे. कमी वापराचा शिक्का बसेल तो खानदेशच्या पोरांवर, आणि कारण असेल एक न भरलेलं पद.

पदं, करार आणि कमवा-शिका

पदं का भरली जात नाहीत? विद्यापीठाला वाटलं म्हणून कायम पद भरता येत नाही. आकृतिबंध, म्हणजे कोणत्या पदावर किती माणसं, याला राज्य सरकारची मान्यता लागते आणि पगाराचा पैसा वित्त विभागातून येतो. कॉलेजांचंही तसंच. २०१८ मध्ये सरकारने कॉलेजांतल्या भरतीला हिरवा कंदील दाखवला तेव्हा ३,५८० सहायक प्राध्यापकांसोबत १६३ ग्रंथपालांची पदं होती. मग कोरोना आला आणि ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने नवीन भरतीच थांबवली. पुढे बंदी सैल झाली तरी ‘आधी शिकवणारे, मग बाकीचे’ हा क्रम राहिला. राजकारण्यांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण आंदोलनात आपणही प्राध्यापक भरतीच मागतो. लायब्ररी असिस्टंटच्या पदासाठी मोर्चा निघालेला तुम्ही पाहिलाय का, भो?

मग जागा भरते ती अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरच्या नाहीतर एजन्सीमार्फत आलेल्या माणसांनी, आणि कमवा-शिका योजनेतल्या विद्यार्थ्यांनी. कमवा-शिका मला मनापासून आवडणारी गोष्ट आहे. खेड्यातून आलेल्या मुलाला मेसचे पैसे सुटतात आणि पुस्तकं लावता लावता तो चार पुस्तकं चाळतो. कपाटं लावणं, टॅग चिकटवणं, नवीन मुलांना ओपॅकवर शोधायला शिकवणं ही कामं विद्यार्थी उत्तम करतात. पण परीक्षेच्या महिन्यात, जेव्हा लायब्ररीला सगळ्यात जास्त हात हवेत, तेव्हाच हे हात स्वतःच्या पेपरात अडकलेले असतात. शिवाय सॉफ्टवेअरचा अ‍ॅडमिन पासवर्ड त्यांच्या हातात देणं बरोबर नाही. त्या सिस्टीममध्ये तुमचा मोबाइल नंबर आहे, पत्ता आहे, तुम्ही काय वाचता याची यादी आहे. नैराश्यावरचं पुस्तक नेलं की घटस्फोटाच्या कायद्यावरचं, हे वर्गमित्राला दिसायला नको. कोहामध्ये प्रत्येक लॉगिनला वेगळे अधिकार देता येतात आणि परत केलेल्या पुस्तकांचा इतिहास पुसून टाकायची सोयही आहे. ती वापरायची की नाही हे सुद्धा कोणीतरी बसून ठरवावं लागतं.

हे ‘कोणीतरी’ नसलं की काय होतं याचं मोठं उदाहरण लंडनचं. ब्रिटिश लायब्ररीवर २८ ऑक्टोबर २०२३ ला रॅन्समवेअर हल्ला झाला. हल्लेखोरांनी २० बिटकॉइन मागितले, लायब्ररीने दिले नाहीत, आणि साधारण ६०० जीबी डेटा बाहेर टाकला गेला. मुख्य कॅटलॉग पुन्हा शोधता येऊ लागला तो १५ जानेवारी २०२४ ला. मधल्या अडीच महिन्यांत जे काही वाचकांना मिळालं ते कर्मचाऱ्यांच्या डोक्यातल्या माहितीवर आणि कागदी पद्धतींवर. त्यांनी नंतर स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात जुनाट सिस्टीम हे उशिराचं एक मोठं कारण म्हणून सांगितलं. एवढ्या श्रीमंत संस्थेची ही गत. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणच्या लायब्ररीत ‘बॅकअप कोण घेतं’ विचारलं तर उत्तर येतं, ‘एएमसीवाला येतो ना’. तो कधी येतो हे विचारलं की संवाद संपतो. भर उन्हाळ्यात वीज जाते, यूपीएस दम तोडतो, आणि लायब्ररीचा सर्व्हर म्हणजे बऱ्याचदा टेबलाखालचा साधा पीसी असतो.

एक माणूस, तीन जिल्हे

प्रत्येक कॉलेजला सिस्टीम लायब्रेरियन मिळेल अशी आशा मला नाही. पण प्रत्येकाला लागतोही कुठे? कोहासारखं सॉफ्टवेअर एकाच सर्व्हरवर अनेक शाखा सांभाळतं. विद्यापीठाने एक सर्व्हर, एक कॅटलॉग आणि त्यामागे दोन-तीन पक्की माणसं ठेवली तर धुळ्याचं, शहाद्याचं, चाळीसगावचं कॉलेज त्यावर आपापली शाखा म्हणून बसू शकतं. बॅकअप एकाच जागी, मराठी सर्चची सेटिंग एकदाच, ‘बहिणाबाई’ची नोंद एकदाच दुरुस्त करून सगळ्यांना. धुळ्यातल्या मुलाला ९० किलोमीटर प्रवास करण्याआधी फोनवर कळेल की ते पुस्तक जळगावला आहे की शेजारच्याच कॉलेजात. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, जळगावात १८७७ पासूनचं व. वा. वाचनालय आहे. त्यांच्या मराठी संग्रहाच्या यादीलाही उद्या याच खिडकीत जागा देता येईल.

यात अडचण तांत्रिक नाही. सर्व्हरचा महिन्याचा खर्च एखाद्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाइतकाही नाही. अडचण अशी की त्या दोन-तीन माणसांचा पगार कोणाच्या खात्यातून जाणार. कॉलेजं म्हणतील विद्यापीठाने द्यावा, विद्यापीठ म्हणेल आकृतिबंधात पद नाही. संलग्न कॉलेजांनी वर्षाला ठरावीक वर्गणी टाकली तर हे सुटू शकतं. दिल्लीचं ‘डेलनेट’ सभासद लायब्ररींच्या वर्गणीवरच वर्षानुवर्षं चालत आलंय. पण वर्गणी द्यायची तर प्राचार्यांना आधी पटलं पाहिजे की कॅटलॉग ही खर्च करण्याजोगी वस्तू आहे.

तोवर तुमच्या हातात फोन आहे, त्यावर दोन गोष्टी आजच करता येतील. तुमची संस्था वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये आहे का ते योजनेच्या साइटवर बघा, आणि असेल तर लायब्ररीत जाऊन घरून वाचण्याचं लॉगिन मागा. ‘ते अजून चालू नाही’ असं उत्तर मिळालं तर लेखी अर्ज द्या, तोंडी नको. दुसरं, तुमच्या कॉलेजच्या ओपॅकवर ‘बहिणाबाई’ टाइप करा, मग ‘बहीणाबाई’, मग इंग्रजी अक्षरांत. किती पुस्तकं येतात त्याचे तीन स्क्रीनशॉट काढून अर्जाला जोडा. काउंटरवरच्या माणसाशी मात्र वाद घालू नका. हिशेबाने तिथे अडीच माणसं हवी होती, आणि तो एकटाच आहे.